अळीला शीव नाहीं

(बीड जिल्ह्यांतील एका खेड्यांत शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज मी तुमच्यापुढें मोठें पुराण लावणार नाहीं. कर्जाचा, भावाचा, पाण्याचा असे आपले पुष्कळ प्रश्न आहेत आणि त्यांवर बोलणारे वक्तेही पुष्कळ आहेत. मी आज एका अळीबद्दल बोलणार आहें. हरभऱ्यावर तिला आपण घाटेअळी म्हणतों, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी म्हणतों, कपाशीवर हिरवी बोंडअळी म्हणतों. नांवें तीन, पण जात एकच. शास्त्रांत तिचें नांव हेलिकोव्हर्पा. नांव कोणतेंही घ्या, नुकसान आपलेंच.

कोणी म्हणेल, "अळी आम्हांला काय शिकवितां? आमचा जन्म तिच्यांत गेला." खरें आहे. पण मी तुम्हांला एकच प्रश्न विचारतों. ज्या औषधाच्या एका फवाऱ्यानें पूर्वीं अळ्या पटापट गळून पडत, त्याच औषधाचे आज दोन-दोन फवारे झाले तरी ती घाट्यांतून मान काढून आपल्याकडे बघत बसते, हें कां? कोणी सांगतो औषध भेसळीचें होतें, कोणी सांगतो पाणी कमी पडलें, कोणी म्हणतो आपलें नशीबच फुटकें. पहिलीं दोन कारणें खरीं असूं शकतील. नशिबाची गोष्ट मात्र सोडून द्या. जेथें कारण शोधायचें तेथें नशीब पुढें केलें कीं विचार थांबतो, आणि आपला विचार थांबला कीं दुसऱ्याचें दुकान चालतें.

माझीच फजिती सांगतों. एका सालीं माझ्या तुरीवर अळी पडली. दुकानदारानें एक बाटली दिली, ती मीं मारली. आठ दिवसांनीं पुन्हां गेलों, त्यानें दुसऱ्या नांवाची बाटली दिली, तीही मारली. तिसऱ्या वेळीं तो म्हणाला, "ही नवी घ्या आणि दुप्पट टाका." मीं दुप्पट टाकली. अळी कांहीं मेली नाहीं. ढालकिडे मेले, मधमाशा मेल्या, आणि घरीं आल्यावर माझ्या डोक्यांत घण पडूं लागले, ओकाऱ्या सुरू झाल्या. सुगीला जी तूर झाली ती उधारी फेडायलाही पुरली नाहीं. पुढें एका जाणत्या माणसाला त्या तिन्ही बाटल्यांवरचे कागद दाखविले. त्यानें बारीक अक्षर वाचून सांगितलें: एकींत सायपरमेथ्रिन, दुसरींत फेनव्हलरेट, तिसरींत डेल्टामेथ्रिन. नांवें तीन, रंग तीन, भाव तीन, पण तिन्ही एकाच कुळींतलीं भावंडें! एकाला जी अळी पचविते, ती बाकीच्या दोघांनाही बहुधा पचविते. म्हणजे एकाच बंद दाराला मीं तीन वेळां धडका दिल्या, आणि तिन्ही वेळां मोल मोजलें. मला अक्षर वाचतां येत होतें, पण काय वाचायचें तें ठाऊक नव्हतें.

आतां हें विष पचविणें अळीला कसें साधतें, तें नीट समजून घ्या. अळी औषधाला "सरावते" असें आपण म्हणतों, पण ती कांहीं तालीम करून पैलवान होत नाहीं. माझा आजा खळ्यावर ज्वारीचीं कणसें निवडीत बसे. जें कणीस भरदार, तें बाजूला काढी आणि पुढल्या सालच्या पेऱ्याला राखी. दरसाल असें केलें कीं वाण त्या अंगाला वळत जाई. फवाऱ्यानें अळीचें असेंच होतें. समजा, शेतांत हजार अळ्या आहेत. त्यांत दहा अशा आहेत कीं ज्यांच्या अंगांत विष पचविण्याची शक्ति उपजतच आहे. कुणाच्या पोटांतला रस विषाचे तुकडे पाडतो, कुणाच्या मज्जातंतूंवर विषाची पकडच बसत नाहीं. आपण फवारा मारला. नऊशें नव्वद मेल्या, दहा उरल्या. त्याच दहांचीं पाखरें होतात आणि त्यांचींच आपसांत जोडपीं जमतात. एक मादी शेंकडों अंडीं घालते, आणि महिना-सव्वा महिन्यांत नवी पिढी उभी राहते. तिच्यावर पुन्हां तेंच औषध! म्हणजे आपण गांठचे पैसे खर्चून, पाठीवर पंप वाहून, अळीचें निवडक बियाणें राखीत बसतों.

ही गोष्ट आजकालची नव्हे. अमेरिकेंत मेलँडर नांवाच्या कीटकशास्त्रज्ञानें १९१४ सालींच लिहून ठेवलें कीं फळझाडांवरच्या खवले किडीवर गंधक-चुन्याचा फवारा कांहीं ठिकाणीं पूर्वींसारखा चालेनासा झाला आहे. डीडीटीचा किडी मारण्याचा गुण शोधल्याबद्दल पॉल म्यूलर यांना १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्याच्या आधींच युरोपांतल्या घरमाशा डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. आपल्या देशांत १९८० च्या सुमारास सायपरमेथ्रिनच्या कुळींतलीं औषधें आलीं. थोडक्या थेंबांत काम होई, म्हणून लोकांनीं तीं डोक्यावर घेतलीं. कपाशीवर फवाऱ्यांमागून फवारे झाले. १९८७ सालीं आंध्रांत गुंटूर आणि प्रकाशम् या जिल्ह्यांत हीच बोंडअळी अशी उठली कीं कोणत्याही फवाऱ्याला ती हटेना. पीक गेलें, कर्ज राहिलें, आणि कित्येक शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला. नंतर तपासणी झाली तेव्हां त्या अळीनें हीं औषधें पचविल्याचें सिद्ध झालें. तीच तपासणी दोन-तीन वर्षें आधीं होऊन निकाल शेतकऱ्याच्या कानावर गेला असता तर किती घरें वांचलीं असतीं, याचा विचार तुम्हीच करा.

आतां दुसरी गोष्ट. दसरा झाला कीं आपल्या जिल्ह्यांत किती घरांना कुलूप लागतें तें तुम्ही जाणतां. मुकादमाची उचल घेतलेलीं नवरा-बायको कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत कारखान्यावर जातात. जेथें ऊस तेथें खोप. या अळीचें पाखरूंही तसेंच आहे. एका शिवारांतलें पीक निबर झालें कीं तें रात्रीं उठतें आणि हिरवें पीक हुडकीत निघतें. कपाशीवरून तुरीवर, तुरीवरून हरभऱ्यावर. जवळ सोय असली तर शेजारच्या वावरांत, नसली तर वाऱ्यावर बसून कित्येक कोस. आपलीं माणसें उचल फेडण्यासाठीं जातात. पाखराला कोणाचें देणें नाहीं. तें मात्र विष पचविण्याचें वतन आपल्या पोरांना देऊन ठेवतें. तें ज्या गांवीं उतरेल तेथें तें वतन चालू होतें.

पाखरूं किती लांब जाऊं शकतें याचा दाखला मक्यावरच्या लष्करी अळीनें दिला आहे. ही मूळची अमेरिका खंडाची. २०१६ सालीं ती आफ्रिकेंत आढळली, २०१८ च्या उन्हाळ्यांत कर्नाटकांत शिवमोग्याकडे दिसली, आणि त्याच सालीं आपल्या महाराष्ट्रांतही आली. तिच्या मायदेशीं तिनें पुष्कळ औषधें आधींच पचविलेलीं आहेत. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याच्या गांठोड्यांत काय आहे, हें आल्याबरोबर पाहिलें पाहिजे तें यासाठींच.

म्हणून मी म्हणतों, अळीला शीव नाहीं. तुम्ही आपल्या वावरांत कितीही जपलें, आणि बांधापलीकडच्या भावानें एकच औषध पांच वेळां मारलें, तर त्याच्या वावरांत राखलेलें अळीचें बियाणें तुमच्या हरभऱ्यांत पेरलें जाणार. पण याची दुसरी बाजूही आहे. जेथें फवारा झालेला नाहीं तेथून येणारें पाखरूं साधें असतें. त्याची जोडी कणखर पाखराशीं जमली तर विष पचविण्याची शक्ति पातळ होत जाते. बीटी कपाशीच्या थैलीबरोबर बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळत असे ती यासाठींच. साध्या अळीला जगायला थोडी जागा ठेवायची, म्हणजे बाकीच्या कपाशींतलें विष टिकेल. आपण काय केलें? कित्येकांनीं ती पुडी उकिरड्यावर टाकली. मीही टाकली. कां पेरायची हें कोणीं सांगितलें नव्हतें, आणि मींही विचारलें नाहीं.

त्याचें फळ गुलाबी बोंडअळीनें दाखविलें. ही अळी घाटेअळीएवढी लांबवर भटकत नाहीं. पण कपाशीच्या झाडांतच असलेलें विष तिनें पचविलें. बीटी कपाशीला आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली. आठ वर्षांत, म्हणजे २०१० सालीं, गुजरातेंतली गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाहीं हें जाहीर झालें. पुढें दोन विषांच्या बीटीलाही ती पुरून उरली. आणि २०१७ सालीं विदर्भ-मराठवाड्यांत बोंडें फोडून पाहतां आंत काय निघालें तें येथें बसलेल्या वेचणाऱ्या बायांनाच विचारा. त्याच सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. अळी मरत नाहीं म्हणून औषध वाढवायचें, दोन-तीन मिसळायचीं, आणि शेवटीं माणसानें मरायचें, हा कोठला हिशेब?

मग उपाय काय? पहिला उपाय मोजण्याचा. शास्त्रज्ञ हें कसें मोजतात तें सांगतों, म्हणजे त्यांत कांहीं मंत्रतंत्र नाहीं हें तुमच्या ध्यानांत येईल. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तेथल्या लोकांनीं गांवोगांवच्या शेतांतून अळ्या-अंडीं गोळा करून प्रयोगशाळेंत वाढविलीं. पोरें वर्गांत बसवितात तशा सारख्या वयाच्या, तीस-चाळीस मिलिग्रॅम वजनाच्या अळ्या निवडतात. प्रत्येकीच्या पाठीवर मोजलेल्या औषधाचा एक अगदीं सूक्ष्म थेंब ठेवतात. दुसऱ्या टोळीच्या पाठीवर औषधाविना नुसत्या द्रावणाचा थेंब ठेवतात, म्हणजे हाताळण्यानें किती मेल्या आणि औषधानें किती मेल्या हें वेगळें कळतें. सहा दिवस वाट पाहून मेलेल्या-जित्या मोजतात. साध्या अळ्यांत शंभरांतल्या नव्व्याण्णव मराव्या एवढी मात्रा आधींच ठरविलेली असते. तेवढ्या मात्रेंत जितक्या जगल्या, तितक्यांनीं तें औषध पचविलें असें समजावें. यंदा शंभरांत पांच जगल्या, पुढल्या सालीं वीस जगल्या, तर तें औषध कांहीं काळ बाजूला ठेवण्याची वेळ आली. एवढीच ही विद्या. बाजारांत धान्याचें माप घेतांना आपण डोळ्यांत तेल घालून बसतों, मग औषधाचें माप दुसऱ्यावर कां सोडावें?

हें मोजून काय होतें याचें उदाहरण ऑस्ट्रेलियांत आहे. १९८३ सालीं तेथील कपाशीच्या मुलुखांत याच अळीनें सायपरमेथ्रिनच्या कुळींतलीं औषधें पचविल्याचें आढळलें. तेथील शेतकरी आणि सरकारी शास्त्रज्ञ एकत्र बसले. हंगामाचे भाग पाडले आणि त्या कुळींतलीं औषधें एका ठराविक मुदतींतच मारायचीं, आधीं नाहीं, नंतर नाहीं, असें सर्वांनीं ठरविलें. आणि नामोईच्या खोऱ्यांतून आठवड्याच्या आठवड्याला अळ्या आणून तपासल्या. पचविणाऱ्या अळ्या तेथेंही पुढें हळू हळू वाढल्याच, हें मी लपवीत नाहीं. परंतु शेतकऱ्यांना सांवरायला वर्षें मिळालीं. आंध्रांतल्या आपल्या भावांना एक हंगामही मिळाला नाहीं. तेथली जमीन मोठी, शेतकरी थोडे. आपल्याकडे जमीन थोडी, शेतकरी पुष्कळ. म्हणून आपल्याला एकी अधिक लागेल.

आपल्या राज्यांत २००८ सालीं सोयाबीनवर पानें खाणाऱ्या अळीनें हाहाकार केला, त्यानंतर क्रॉपसॅप नांवाची कीड-पाहणीची योजना सुरू झाली. पाहणी करणारी माणसें शेतांत जाऊन किडी मोजतात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. योजना चांगली आहे. पण ती मुख्यतः कीड किती आहे हें सांगते. कीड कोणत्या औषधाला दाद देत नाहीं हें सांगण्याला निराळी तपासणी लागते. आणि त्या तपासणीला आपल्या शिवारांतली खबर पोंचवायची कोणीं? आपणच.

म्हणून या गांवानें एक वही घालावी. शाळेंतल्या पोरापोरींनाही ती लिहितां येईल. रीत सोपी आहे. फवाऱ्याच्या आदल्या दिवशीं शेतांतलीं वेगवेगळ्या जागचीं वीस झाडें दोरा बांधून ठेवावीं आणि त्यांवरच्या जित्या अळ्या मोजाव्या. चार तासें फवाऱ्याविना सोडून तेथलींही वीस झाडें मोजावीं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं दोन्हींकडे पुन्हां मोजावें. वहींत तारीख, पीक, औषधाचें बाटलीवरचें बारीक अक्षरांतलें खरें नांव, किती पाण्यांत किती टाकलें, अळी लहान होती कीं मोठी, आणि आधीं-नंतरचे आंकडे लिहावे. फवारलेल्या आणि न फवारलेल्या तासांत फरकच पडला नाहीं, तर आधीं आपली चूक पाहावी: पंपाचें तोंड बिघडलें होतें काय, अळी बोटाएवढी झाल्यावर फवारलें काय, लगेच पाऊस झाला काय. यांतलें कांहीं नसेल आणि दहा-बारा वावरांत तीच तऱ्हा दिसली, तर मात्रा वाढवूं नका. वही घेऊन कृषि सहाय्यकाकडे, अंबाजोगाईच्या कृषि विज्ञान केंद्राकडे, परभणीच्या कृषि विद्यापीठाकडे जा आणि म्हणा, "आमच्या शिवारांतल्या अळ्या घेऊन जा आणि तपासा." एकट्याच्या तक्रारीला कोणी विचारीत नाहीं. पन्नास घरांचे आंकडे पुढें ठेवले तर उत्तर द्यावेंच लागतें.

दुसरा उपाय, फवारा कमी करण्याचा. एकरीं दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यांत रोज आठ-दहा पाखरें, अशीं ओळीनें तीन दिवस सांपडलीं, किंवा हरभऱ्याच्या मीटरभर तासांत एक-दोन अळ्या दिसल्या, तरच औषधाचा विचार करा. आधीं पांच टक्के निंबोळीचा अर्क मारा. निंबोळ्या आपल्याच गांवच्या आहेत, त्यांना उधारी लागत नाहीं. औषध मारायचेंच तर अळी लहान असतांनाच मारा, आणि एका कुळींतलें औषध लागोपाठ दोनदां मारूं नका. नांव बदलल्यानें कूळ बदलत नाहीं, ही माझी फजिती विसरूं नका. कपाशीची फरदड ठेवूं नका. पऱ्हाट्या डिसेंबरअखेर काढा. बाटलीवर त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल त्रिकोणाची बाटली ज्या घरांत आहे तेथें लेंकरांचा हात पोंचतां कामा नये.

कारागीर बांधवांनो, तुम्ही म्हणाल, आम्हांला यांत काय? कापूस बुडाला कीं सुताराचें औत राहतें, लोहाराचा भाता थंडावतो, कुंभाराचें मडकें कोणी उचलीत नाहीं, आणि पोटासाठीं कोयता धरणाऱ्यांत तुमचींही पोरें असतात. तुमची मदतही हवी आहे. शेतांत पक्ष्यांना बसायला एकरीं वीसेक लांकडी थांबे हवेत. साळुंकी आणि कोतवाल त्यांवर बसून अळ्या वेंचतात आणि मजुरी मागत नाहींत. पंपाचें बिघडलेलें तोंड नीट करणारा हात गांवांतच असला तर निम्मा फवारा वाया जाणार नाहीं.

मायबहिणींनो, तुमच्याशीं एक शब्द. अळी पहिल्यांदा तुम्हांलाच दिसते. खुरपतांना, वेंचतांना, भाजी खुडतांना तुमचे डोळे झाडाजवळ असतात. आम्ही पुरुष बांधावरून बघतों. म्हणून ही वही तुमच्या हातीं असावी असें माझें मत आहे. जिला लिहितां येत नसेल तिनें रेघा ओढाव्या. पोर आंकडा घालील.

आणि सरकारकडे आपलें एक मागणें असावें. कोणत्या जिल्ह्यांत कोणती अळी कोणतें औषध पचविते, याचे निकाल इंग्रजी पुस्तकांत राहूं नयेत. ते दरसाल पेरणीच्या आधीं, साध्या मराठींत, ग्रामसभेंत वाचून दाखवावे. ज्याच्या शेतांतली अळी नेली त्याला निकाल ऐकण्याचा हक्क आहे. विद्या ही कोणाची मिरास नाहीं, आणि जी विद्या आपल्याच शिवारांतून गोळा होते ती तरी आपल्यापासून लपतां कामा नये.

येत्या हंगामांत कांहीं घरें कोयता घेऊन जातील, कांहीं राहतील. जे राहतील त्यांनीं जाणाऱ्यांच्या वावरांतलींही वीस झाडें मोजावीं, एवढें आज येथेंच ठरवूं या. वही मीं आणली आहे. पहिल्या पानावर तारीख घातली आहे. ज्याला पहिलें नांव लिहायचें असेल त्यानें पुढें यावें.